दगडावर नुसते आकडे आहेत, आता नावं लिहा : ग्रामपंचायतींना आणि राज्य शासनाला खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावचे सरपंच, ग्रामसेवक आणि सगळे सदस्य,
असा दगड ज्यांच्या ज्यांच्या हद्दीत आहे त्या सगळ्या ग्रामपंचायती,
आणि महाराष्ट्र शासनातले सांस्कृतिक कार्य व सैनिक कल्याण ही खाती बघणारे मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. भांडण एका गावाशी नाही आणि नाव टाकलं की विषय बाजूला राहून पुढचे चार महिने गटबाजीच चालेल हे मला पक्कं माहितेय. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव आहे एवढं पुरे.

झालं असं की आमची जुनी चावडी पाडली. पाडायलाच हवी होती, छत गळत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चावडीच्या दर्शनी भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली होती. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली, असे दोन आकडे आणि बाकी काही नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं भरतीच्या गावांतून अशा पाट्या बसवल्या, कुठे चावडीवर, कुठे शाळेवर, कुठे वेशीत. आमची पाटी आता पाण्याच्या टाकीमागे राडारोड्यात उताणी पडलीये आणि तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय. नव्या इमारतीत ती कुठे बसवणार असं विचारलं तर उत्तर मिळालं, "तो इंग्रजांचा दगड आहे, आपल्या स्वातंत्र्यसैनिकांचा नाही, मग बसवायचा कशाला?" आणि तसा ठराव पण झाला म्हणे. म्हणून हे पत्र.

माझा यात संबंध काय ते आधी सांगतो. पाटीवरच्या दुसऱ्या आकड्यात माझे पणजोबा आहेत. ११७ मराठा पलटणीत शिपाई होते, ही पलटण १६ व्या पायदळ ब्रिगेडमध्ये आणि ती ब्रिगेड सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये. पणजोबा गेले तेव्हा आजोबा पोटात होते. पुढे कागद आला तो "बेपत्ता" असा. बेपत्ता म्हणजे मेला असं कुणी लिहून देत नव्हतं आणि जिवंत आहे असंही कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे पणजीनं कुंकू पुसायचं का ठेवायचं यावर भावकीत किती वर्षं वाद चालला ते आजोबा सांगायचे. तो वाद कसा मिटला ते इथे लिहीत नाही, घरातली गोष्ट आहे.

आता ही ब्रिगेड होती काय आणि गेली कुठे, हे ठराव करणाऱ्यांनी एकदा वाचावं अशी विनंती आहे, कारण ठरावाच्या चर्चेत कुणाला हे माहीत होतं असं वाटलं नाही.

१६ वी ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली. ब्रिगेडियर जनरल डेलामेन तिचा प्रमुख. २ डॉर्सेट ही गोरी पलटण, बाकी २० पंजाबी, १०४ वेलस्ली रायफल्स आणि ११७ मराठा. फ्रान्सला नाही, पूर्व आफ्रिकेलाही नाही, आधी बहारीनच्या किनाऱ्याला जाऊन जहाजातच थांबली, कारण तुर्कस्थान अजून युद्धात उतरलेलं नव्हतं. ५ नोव्हेंबरला युद्ध जाहीर झालं आणि ६ नोव्हेंबरला ही माणसं शत अल अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरली. म्हणजे मेसोपोटेमियात, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या आजच्या इराकमध्ये, पहिली पावलं टाकणाऱ्या ब्रिगेडमध्ये आपली मराठी पलटण होती. जवळच इराणात आबादानचा तेलाचा कारखाना होता, तो आणि आखातातलं वजन सांभाळायचं हे मोठं कारण. माणच्या माळावरच्या पोराला त्यातलं किती सांगितलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नोव्हेंबर संपायच्या आत बसरा पडलं, डिसेंबरात कुर्ना. एप्रिल १९१५ ला शैबाची लढाई झाली, तीन दिवस चालली, चहूबाजूंनी पुराचं पाणी. त्या पराभवानंतर तुर्की सेनापती सुलेमान अस्करी यानं स्वतःला गोळी घालून घेतली. मग टाउनशेंड हा नवा जनरल आला. मे महिनाअखेर कुर्नाच्या पुढची तुर्की ठाणी घेतली ती बेलम नावाच्या लांबट होड्यांतून, शिपायांनी बांबूनं ढकलत ढकलत. मग अमारा, सप्टेंबरअखेर कूट. इथवर सगळं जोरात चाललं होतं आणि तिथेच घात झाला, कारण वरच्यांना बगदाद दिसायला लागलं. रसद पुरेना, बोटी पुरेनात, जखमींसाठी सोय नाही, तरी पुढे जा.

२२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनची लढाई झाली, तिथले लोक त्या जागेला सलमान पाक म्हणतात. डेलामेनच्या तुकडीनं तुर्कांच्या पहिल्या फळीतलं सगळ्यात पक्कं ठाणं घेतलं, पण साडेचार हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली आणि त्यानंतर पुढे जायला उरलं कोण? जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत नेलं. हाडं मोडलेली माणसं, खाली लाकडी फळी आणि तो रस्ता. नंतर बोटींवर त्यांची जी अवस्था झाली त्यावरून लंडनमध्ये चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. हे इंग्रजांच्याच कागदावर आहे, मी काही पदरचं सांगत नाही.

माघार घेत घेत ३ डिसेंबरला सगळे कूटला पोचले आणि ७ डिसेंबरपासून वेढा पडला. तैग्रिस नदीच्या वळणात अडकलेलं मातीचं गाव. १४७ दिवस. आत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. २४ डिसेंबरला तुर्कांनी किल्ल्याची भिंत पाडून आत घुसायचा प्रयत्न केला तेव्हा त्या भगदाडाशी गोऱ्या ऑक्सफर्ड पलटणीच्या जोडीला १०३ मराठा होती. ११० मराठा नदीपलीकडच्या वस्तीत. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली नाहीतर जखमी झाली आणि तरी कूट सुटलं नाही.

आणि भूक. घोडे आणि खेचरं कापून खायला सुरुवात झाली, आपल्या शिपायांनी बराच काळ ते मांस खाल्लं नाही. धर्माचा प्रश्न होता, परत गावी गेल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल हाही होता. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली गेली. तोवर भाजी नाही, फळ नाही, आपल्या लोकांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा परत उघडल्या. लोक मिळेल तो पाला शिजवून खायला लागले. १७ व्या ब्रिगेडचा प्रमुख हॉटन असाच रानपाला खाऊन विषबाधेनं मेला, आणि तो जनरल होता, शिपायांचं काय झालं असेल बघा. शेवटी शेवटी माणशी दिवसाला चार औंस पीठ, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम. विमानातून पोती टाकून बघितली, जगात वेढ्यातल्या फौजेला अशी हवाई रसद पहिल्यांदाच दिली गेली म्हणतात, पण ती कशी पुरणार? तुर्कांना पैसे देऊन माणसं सोडवायचंही बोलणं झालं, ते फिसकटलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यात हिंदी दहा हजारांच्या घरात, आणि त्यातले तीन हजारांच्या वर लढवय्ये नव्हतेच, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, सफाईवाले. यांना बगदादपर्यंत चालवलं, पुढे मोसूल, नुसयबिन करत वाळवंटातून रास अल ऐनपर्यंत. आज ते गाव सिरिया-तुर्कस्थानच्या हद्दीवर आहे. तिथे बगदाद रेल्वेच्या रुळांवर कामाला लावलं. हिंदी कैद्यांतले साधारण तीन हजार परत आले नाहीत, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा पत्ताच लागला नाही. पणजोबा त्या पत्ता न लागलेल्यांत.

टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, कैदेत असतानाच १९१७ ला त्यांना "सर" केलं. त्यांचा कुत्रा तुर्कांनी सन्मानानं इंग्रजांच्या हद्दीत पाठवून दिला आणि तो सुखरूप इंग्लंडला पोचला. कुत्र्याचं नाव स्पॉट. हे नाव मला माहितेय कारण ते कूटच्या इतिहासात छापलेलं आहे. ११७ मराठाच्या शिपायांची नावं त्याच इतिहासात शोधून बघा एकदा.

तर मग तक्रारी. पहिली इंग्रजांवरच, म्हणजे मी त्यांची बाजू घेतोय असं कुणाला वाटायला नको. बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक उभं केलं, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांची आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. अमाऱ्याला हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे, साधारण पाच हजार माणसं तिथे आहेत आणि त्यातल्या फक्त नऊ जणांची ओळख माहीत आहे. नऊ. जागा नव्हती, पद्धत नव्हती असली कारणं चालणार नाहीत, कारण फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला याच युद्धातल्या हिंदी शिपायांची नावं कोरलीत आणि त्याच्या शंभर वर्षं आधीच्या लढाईसाठी भीमा कोरेगावच्या खांबावर कंपनीनंसुद्धा शिपायांची नावं कोरली होती. म्हणजे जिथे बघायला लोक येणार तिथे नावं, आणि वाळवंटात आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं, म्हणजे महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं, पंचेचाळीस ते चोपन्न हजार जणांना असं असमान वागवलं गेलं आणि किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानं किंवा मुळातच नोंद झाली नाही, असं त्यात लिहिलंय. माफी मागितली, ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्र्यांनीही मागितली. ठीक आहे.

पण दुसरी तक्रार आपल्यावर आहे आणि मला ती जास्त टोचते. इंग्रजांनी नाव नाकारलं, निदान आकडा तरी ठेवला. आपण आता तो आकडाही टाकीमागे टाकतोय. गावात शंभर वर्षं हीच एक खूण होती की ही माणसं इथून गेली. आणि कुणाचं नाव तिथे नाही याचा अर्थ ती फक्त मराठ्यांची पाटी आहे असंही नाही. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. महारांची भरती कित्येक वर्षं बंद ठेवलेली, ती गरज पडल्यावर उघडली, १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ ला मोडूनही टाकली. खेचरवाले आणि भिस्ती कोण होते ते तर कुणी विचारतच नाही. ज्यांना ही पाटी एका समाजाची वाटते, त्यांनी नावं काढली तर कळेल की निम्मी वाडी-वस्ती त्यात निघते.

आता "इंग्रजांचे सैनिक" हा मुद्दा. मी तो टाळणार नाही, खरा मुद्दा आहे. साम्राज्यासाठी लढले, हो. बसऱ्यातल्या, कूटमधल्या अरबांच्या दृष्टीनं आपली माणसं परक्याची फौज होती, हेही खरं, आणि पाटीशेजारी काही लिहायचं झालं तर तेही लिहा, माझी हरकत नाही. मला पणजोबांना वीर ठरवायचं नाहीये. ते पगारासाठी गेले, घरात खायला नव्हतं म्हणून गेले. पण मग नियम सगळ्यांना एकच लावा ना. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, १९४४ ला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना, त्याच इंग्रजांच्या फौजेत, ३/५ मराठात. आणि ३/५ मराठा म्हणजे कोण? कूटला उपाशी मेलेली जुनी ११० मराठाच, आज ती २ पॅरा ही छत्रीधारी पलटण आहे. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला २०१८ साली हायफाचं, म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या शहराचं नाव जोडलं, तिथली लढाईसुद्धा १९१८ ची, इंग्रजांच्याच बाजूनं. ११७ मराठाला मेसोपोटेमियातल्या कामाबद्दल "रॉयल" म्हणाले, ती आजची ५ मराठा. जिंकलेला चालतो, पदक मिळवलेला चालतो, आणि उपाशी राहून रुळांवर मेलेला शिपाई तेवढा इंग्रजांचा, हे कुठलं गणित?

अजून एक, हे सगळ्या गावांत असंच चाललंय असं नाही. आपल्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले त्याचं स्मारक त्यांनी नीट सांभाळलंय आणि गावाच्या नावातच मिलिटरी ठेवलंय. त्यासाठी त्यांना काही मंत्रालयाची परवानगी लागली नव्हती.

मागण्या साध्या आहेत.

ग्रामपंचायतीकडे एवढंच मागणं आहे की पाटी आधी त्या राड्यातून उचला आणि आत कोरड्या जागी ठेवा, हे उद्याच करता येतं. नवी इमारत पूर्ण होताना ती दर्शनी भागात बसवा, जिन्याखाली किंवा रेकॉर्ड रूममध्ये नाही. ऑइल पेंट मारू नका, ॲसिडनं घासू नका, संगमरवर खराब होतो. आणि शेजारी दुसरा दगड लावून त्यावर नावं लिहा. जुन्या पाटीवर नवीन काही कोरू नका.

नावं कुठून आणायची असं विचारलं गेलंय, त्याचंही उत्तर देतो. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर पलटण टाकून शोधता येतं, बऱ्याच शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आहे. स्पेलिंगचा पार बट्ट्याबोळ केलेला आहे, आपलंच गाव ओळखू येत नाही अशी अवस्था, त्यामुळे हे काम पुण्या-मुंबईत बसून होणार नाही, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवूनच होईल. आमच्या गावची यादी करायला मी आणि आणखी काही घरं तयार आहोत. दगडाचा आणि कोरण्याचा खर्चही आम्ही वर्गणी काढून करू, पंचायतीचा एक रुपया नको. यादी ग्रामसभेत वाचून दाखवू, ज्याला हरकत असेल त्यानं तिथे घ्यावी.

शासनाकडून तीन गोष्टी हव्यात. तलाठ्यांमार्फत तालुकावार पाहणी करून असे किती दगड राज्यात उरलेत, कुठे आहेत, कशा अवस्थेत आहेत याची फोटोसकट यादी करा आणि ती सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड इथून सुरुवात केलीत तरी चालेल. यादी होईपर्यंत अशी पाटी असलेली कुठलीही इमारत पाडताना पाटी जपून काढायची आणि परत बसवायची, असं एका ओळीचं परिपत्रक काढा. दुसरं, लाहोरच्या म्युझियममध्ये पंजाबच्या भरतीची जुनी रजिस्टरं होती, तीन लाख वीस हजार सैनिकांची, ती इंग्लंडमधल्या लोकांनी २०२१ ला डिजिटल करून खुली केली. आज तिथला माणूस गावाचं नाव टाकून खापरपणजोबा शोधतो. मुंबई इलाख्याचे तसे कागद आपल्या पुराभिलेखात, कलेक्टर कचेऱ्यांच्या रेकॉर्डात, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये काय काय आहेत हे बघायला दोन अभ्यासक नेमा, आणि जे निघेल ते नेटवर टाका. तिसरं, केंद्रामार्फत वॉर ग्रेव्हज कमिशनला लेखी कळवा की बसऱ्याच्या स्मारकाची दुरुस्ती जेव्हा केव्हा होईल तेव्हा आकड्यांच्या जागी नावं हवीत, आणि मराठा पलटणींची नावं देवनागरीतही हवीत. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या काळात मूळ जागेवरून उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलंय. घाई कुणाला नाही हे मला कळतं, पण मागणी तरी कागदावर असू दे.

आमच्या गावापुरतं बोलायचं तर २६ जानेवारीची ग्रामसभा येतेय. आधीचा ठराव रद्द करून पाटी बसवण्याचा विषय अजेंड्यावर घ्यावा असा लेखी अर्ज ग्रामसेवकांकडे दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. विषय घेतला नाही तर त्याच सभेत आयत्या वेळच्या विषयांत मी स्वतः मांडणार आहे. बाकीच्या गावांतल्या वाचकांनी आपापल्या चावडीच्या, शाळेच्या भिंती एकदा बघाव्यात, आणि अशी पाटी दिसली तर आधी फोटो काढून ठेवावा.

कळावे,
आपला,
११७ मराठाच्या एका शिपायाचा पणतू